घरच्या कॉम्प्युटरची व्हर्च्युअल मेमरी: आधी मोजा, मग आकडा टाका

या, खुर्ची ओढून बसा. चहाचा कप मात्र कीबोर्डपासून हातभर लांब ठेवा. आज आपल्याला एकच काम करायचं आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची थोडी जागा मेमरी म्हणून वापरतं. त्या जागेच्या फाइलला पेजफाइल म्हणतात. ती कोणत्या ड्राइव्हवर ठेवायची आणि किती मोठी ठेवायची, एवढंच ठरवायचं आहे. ती कशी चालते, कुणी शोधली, हे आज सोडून देऊ.

डोंबिवली-कल्याणच्या वन बीएचकेत बहुधा एकच कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या वाट्याला अख्खं घर आलेलं असतं. सकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास, दुपारी आईची टॅली, रात्री बाबांचं ऑफिसचं राहिलेलं काम. कुणीच आधीचं काही बंद करत नाही. मग एखाद्या संध्याकाळी ‘युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी’ असा निरोप येतो, किंवा क्रोमचा टॅब ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत कोसळतो. आजची कृती अशाच कॉम्प्युटरसाठी आहे.

विंडोज १० आणि विंडोज ११, दोन्हींत पायऱ्या जवळपास सारख्याच आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण हे सेटिंग तिथेही आहे तसंच चालतं. मॅकवाल्यांनी हे पान उलटलं तरी चालेल. तिथे ही निवड तुमच्या हातात नसते.

जवळ काय हवं? मोबाइल, कागद-पेन आणि कॉम्प्युटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. मुलांच्या खात्यातून बसला असाल तर मोठ्यांच्या खात्यात या. अर्धवट पासवर्ड आठवत बसायची वेळ नंतर येऊ देऊ नका.

आधी घरात काय आहे ते बघू

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये छोटीशीच चौकट आली, तर खाली ‘मोअर डिटेल्स’ असेल, त्यावर क्लिक करा.

२. ‘परफॉर्मन्स’वर क्लिक करा. विंडोज ११ मध्ये डावीकडे नुसती चिन्हं दिसत असतील, तर आलेखाच्या चिन्हावर जा.

३. ‘मेमरी’ निवडा आणि उजव्या कोपऱ्यात वर दिसणारा आकडा कागदावर लिहा: ४, ८ किंवा १६ जीबी. हीच तुमची रॅम. बिलावर काय छापलंय ते बघू नका, इथे जे दिसतंय तेच खरं.

४. त्याच पानावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ या दोन ओळी आहेत. त्याही उतरवून घ्या. आज त्यांचं काम नाही, पण शेवटी लागल्या तर पुन्हा शोधायला नकोत.

५. आता डावीकडे ‘डिस्क’वर क्लिक करा. नावाखाली एसएसडी लिहिलंय की एचडीडी, ते बघा. दोन डिस्क असतील तर दोन्हींचं लिहा आणि सी ड्राइव्ह कोणत्या डिस्कवर आहे तिथे खूण करा. जुन्या डेस्कटॉपमध्ये पुढे कधीतरी एसएसडी बसवलेली असते आणि जुनी हार्ड डिस्क डी म्हणून राहिलेली असते. तिथे हमखास गोंधळ होतो.

६. कॉम्प्युटर अडखळत असेल त्या क्षणी मेमरी आणि डिस्क, दोन्हींचे टक्के बघा. मेमरी पन्नास-साठ टक्क्यांवर निवांत आहे, पण एचडीडी शंभर टक्क्यांवर धापा टाकतेय? मग पुढचं काही करू नका. तुमचं दुखणं मेमरीचं नाहीच. इथले आकडे बदलून काडीचा फरक पडणार नाही. तुम्हाला एसएसडी हवी आहे.

७. ‘धिस पीसी’ उघडा आणि सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे ते लिहा. वीस जीबीपेक्षा कमी असेल तर पुढे जाण्याआधी आठवी पायरी करा. नाहीतर थेट नवव्या पायरीवर या.

८. ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टिम’, मग ‘स्टोरेज’, मग ‘टेम्पररी फाइल्स’ असं जा आणि नको ते पुसा. सावधान! त्या यादीत ‘डाउनलोड्स’ नावाचीही एक ओळ असते. तिच्यावर टिक केली तर डाउनलोड्सचं अख्खं फोल्डर जातं. आपल्याकडे वीजबिलं, आधारची पीडीएफ, मुलांच्या मार्कशीटा सगळं तिथेच पडलेलं असतं. ती टिक करूच नका.

गर्दीच्या वेळी मोजायचं

ही पायरी सगळे टाळतात, आणि खरं काम इथेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ‘रॅमच्या दीडपट ठेवा’ हे सूत्र मी कुणालाच सांगत नाही. १६ जीबी रॅमवर नुसतं यूट्यूब बघणाऱ्याला त्या हिशेबाने २४ जीबी अडकवून ठेवावे लागतील आणि ४ जीबीवर टॅली, क्रोम नि मीटिंग एकदम चालवणाऱ्याला ६ जीबी पुरणार नाहीत. गरज कामावरून ठरते, म्हणून कामच मोजायचं.

९. घरातली सगळ्यात गर्दीची वेळ निवडा. रविवारी सकाळी सगळे झोपलेले असताना मोजू नका, आकडा खोटा येईल.

१०. त्या वेळी जे जे चालू असतं ते सगळं एकदम उघडा: क्रोमचे नेहमीचे टॅब, मीटिंग, टॅली किंवा एक्सेल, एखादी जाडजूड पीडीएफ, फोटोंचं सॉफ्टवेअर. मोजमापासाठी मुद्दाम नवं काही उघडू नका आणि लाजून काही बंदही करू नका.

११. वीसेक मिनिटं खरोखर काम करा. नुसत्या खिडक्या उघडून ठेवल्या तर त्या फारशी मेमरी घेत नाहीत.

१२. मधूनमधून टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर येऊन ‘कमिटेड’ ही ओळ बघा. तिथे तिरक्या रेघेने तोडलेले दोन आकडे दिसतील, समजा १३.२ आणि १५.१ जीबी. पहिला आकडा म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमांनी मागितलेली मेमरी. दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून आत्ता देता येईल ती. शेजारच्या ‘इन यूज’ला भुलू नका. तो नुसत्या रॅमचा हिशेब आहे.

१३. पहिल्या आकड्याने गाठलेला सगळ्यात मोठा टप्पा कागदावर लिहा. याला आपण ‘गर्दीचा आकडा’ म्हणू.

१४. गर्दीचा आकडा दुसऱ्या आकड्याला अगदी चिकटलाय का, ते बघा. समजा ९.६ आणि ९.८. तसं असेल तर तुमचं माप अर्धवट आहे: कॉम्प्युटरला आणखी मेमरी हवी होती, पण द्यायला शिल्लकच नव्हती. बहुधा कुणीतरी पूर्वी पेजफाइल लहान करून ठेवलेली असते किंवा डिस्क गच्च भरलेली असते. डिस्क भरली असेल तर आधी आठवी पायरी करा. मग खाली ‘खिडकी उघडा’ या भागात जाऊन तिसाव्या पायरीप्रमाणे सगळं विंडोजवर सोपवा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि नवव्या पायरीपासून पुन्हा मोजा. कंटाळा करू नका, चुकीच्या मापावर पुढचं सगळं चुकतं.

आता ठरवा

१५. गर्दीच्या आकड्यातून रॅम वजा करा.

१६. उत्तर शून्याच्या खाली आलं? उदाहरणार्थ १६ जीबी रॅम आणि गर्दीचा आकडा ११. मग सगळं विंडोजवरच सोडा. पुढे फक्त तिसाव्या पायरीपर्यंत जाऊन वरच्या चौकोनात टिक आहे ना, एवढी खात्री करा आणि उठा.

१७. मेमरीचा निरोप कधी आलेला नाही, एकच एसएसडी आहे आणि तिच्यावर जागाही बरीच आहे? तर उत्तर काहीही आलं असो, तुम्हीही सगळं विंडोजवरच सोडा. विंडोज स्वतःहून पेजफाइल साधारण रॅमच्या तिपटीपर्यंत किंवा ४ जीबीपर्यंत, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत वाढवतं, पण त्या ड्राइव्हच्या आठव्या हिस्स्यापुढे सहसा जात नाही. बहुतेक घरांना एवढं भरपूर होतं. उगाच हात लावल्याने कॉम्प्युटर पळायला लागत नाही.

१८. आकडा स्वतः ठरवायचा तो फक्त तीन प्रसंगी. निरोप येऊन प्रोग्रॅम बंद पडत असतील तर. १२८ जीबीसारखी लहान एसएसडी असेल आणि पेजफाइल मनाप्रमाणे फुगून जागा खात असेल तर. किंवा पेजफाइल चुकून संथ हार्ड डिस्कवर जाऊन बसली असेल तर. यातलं काहीच नसेल तर सोळावी-सतरावी पायरी पुन्हा वाचा.

१९. पंधराव्या पायरीतलं उत्तर वरच्या पूर्ण आकड्याला न्या आणि त्यात २ मिळवा. हा झाला सुरुवातीचा आकार. बाराव्या पायरीतल्या उदाहरणात रॅम ८ धरू आणि गर्दीचा आकडा १३.२. वजाबाकी ५.२, वर नेऊन ६, दोन मिळवून ८ जीबी. हे वरचे दोन जीबी सोडू नका. क्रोममध्ये आणखी चार टॅब उघडले की ते लागतातच.

२०. त्याची दुप्पट करा. हा झाला जास्तीत जास्त आकार, म्हणजे आपल्या उदाहरणात १६ जीबी. सी ड्राइव्हवर तेवढी जागा आणि वर दहा जीबी मोकळे राहत नसतील, तर दुप्पट नको, दीडपटीवर थांबा. लहान एसएसडीवर जागेचीच चणचण असेल, तर दोन्हीकडे सुरुवातीचाच आकडा टाका. फाइल मग एकाच मापाची राहील.

२१. जीबीचे एमबी करा. चौकटीत एमबीच चालतात. गुणाकार १०२४ ने करायचा, हजाराने नाही. तयार हिशेब घ्या: २ जीबी म्हणजे २०४८, ४ म्हणजे ४०९६, ६ म्हणजे ६१४४, ८ म्हणजे ८१९२, १२ म्हणजे १२२८८, १६ म्हणजे १६३८४, २४ म्हणजे २४५७६. तुमचे दोन्ही आकडे कागदावर ठळक लिहून गोल करा. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ८१९२ च्या जागी नुसतं ८ टाकणं.

२२. ड्राइव्ह ठरवा. एसएसडी आणि एचडीडी दोन्ही असतील तर एसएसडी. एकच डिस्क असेल तर सी, विचार करायचाच नाही. पेनड्राइव्ह किंवा बाहेरून यूएसबीने लावलेली हार्ड डिस्क यांचं नावही काढू नका. कुणीतरी चालू कामात ती उपसून घेतं.

खिडकी उघडा

२३. चालू असलेलं सगळं सेव्ह करून बंद करा. टॅलीतली अर्धी एंट्री सुद्धा.

२४. विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. डावीकडे खाली ‘रन’ नावाची छोटी चौकट येईल.

२५. त्यात इंग्रजी अक्षरांत एस, वाय, एस, डी, एम, मग टिंब, मग सी, पी, एल असं सलग टाइप करा, मध्ये कुठेही जागा सोडू नका, आणि एंटर दाबा. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर भलतीच अक्षरं उमटतील. अशा वेळी विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर या. आणि आता इंग्रजीवरच राहा, पुढे आकडेही इंग्रजीतच टाकायचे आहेत.

२६. वरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर क्लिक करा.

२७. ‘परफॉर्मन्स’ या भागातलं ‘सेटिंग्ज’ दाबा. या खिडकीत ‘सेटिंग्ज’ नावाची तीन बटणं आहेत. आपलं सगळ्यात वरचं.

२८. नव्या खिडकीतही ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर जा. पहिल्या टॅबवर ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ असा मोह घालणारा पर्याय दिसेल. त्याला हात लावू नका. अक्षरं खडबडीत दिसायला लागतील आणि घरचे तुम्हाला बोलतील.

२९. खालच्या ‘व्हर्च्युअल मेमरी’ भागातलं ‘चेंज’ दाबा. जी खिडकी उघडेल तिचा लगेच मोबाइलवर फोटो काढा. जुनं सेटिंग काय होतं, हे विचारायला नंतर कुणी सापडत नाही.

३०. सगळ्यात वरचा ‘ऑटोमॅटिकली मॅनेज पेजिंग फाइल साइझ फॉर ऑल ड्राइव्ह्ज’ हा चौकोन बघा. ज्यांना सगळं विंडोजवर सोडायचं आहे त्यांनी इथे टिक ठेवा, ‘ओके’ करत बाहेर या आणि थेट सदतिसाव्या पायरीवर जा. टिक आधीपासूनच होती तर तेही नको, तुमचं काम झालं. ज्यांना आकडा टाकायचा आहे त्यांनी टिक काढा. दुकानातून जोडून घेतलेल्या किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या कॉम्प्युटरवर ही टिक पुष्कळदा आधीच काढलेली असते आणि खाली ‘नो पेजिंग फाइल’ निवडलेलं असतं. डोकेदुखीचं मूळ तिथेच सापडतं.

आकडा टाका

३१. यादीत तुम्ही ठरवलेल्या ड्राइव्हच्या ओळीवर क्लिक करा. ओळ निळी झाली की नाही ते बघा. निळी न करता पुढे गेलात तर आकडा भलत्याच ड्राइव्हला चिकटेल.

३२. ‘कस्टम साइझ’समोरच्या गोलात क्लिक करा.

३३. ‘इनिशिअल साइझ’मध्ये सुरुवातीचा आकडा टाका. स्वल्पविराम नाही, एमबी अक्षरं नाहीत, नुसते अंक. आपल्या उदाहरणात ८१९२. खाली ‘रेकमेंडेड’ म्हणून एक आकडा दिसतो, तोच उचलून टाकू नका. तो बऱ्याचदा तुमच्या गर्दीपेक्षा कितीतरी लहान असतो.

३४. ‘मॅक्झिमम साइझ’मध्ये दुसरा आकडा टाका. उदाहरणात १६३८४. हा पहिल्यापेक्षा लहान असेल तर विंडोज घेणारच नाही.

३५. ‘सेट’ दाबा. थांबा, ‘ओके’ नव्हे, आधी ‘सेट’! हे लहानसं बटण विसरून लोक सरळ ‘ओके’ दाबतात, सगळं जुन्यावर जातं आणि मग ‘केलं तरी काही झालं नाही’ म्हणतात. ‘सेट’ दाबल्यावर वरच्या यादीत ड्राइव्हसमोर तुमचे दोन आकडे उमटले पाहिजेत. उमटले? शाब्बास.

३६. पेजफाइल संथ डिस्कवरून एसएसडीवर आणत असाल, तरच ही पायरी. यादीत संथ ड्राइव्ह निवडा, ‘नो पेजिंग फाइल’ करा आणि पुन्हा ‘सेट’ दाबा. संथ डिस्कच सी असेल, तर तिला पूर्ण मोकळी करू नका. तिथे ‘कस्टम साइझ’मध्ये दोन्हीकडे १०२४ ठेवा. सी वरची पेजफाइल फारच लहान केली तर विंडोज इशारा देतं, की मोठा बिघाड झाल्यास त्याची नोंद होणार नाही. तो इशारा ‘येस’ म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

सगळ्या ड्राइव्हवर ‘नो पेजिंग फाइल’ कधीही नको. ३२ जीबी रॅम असली तरी नको. ‘एसएसडी झिजते म्हणून बंद करा’ असा सल्ला देणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. त्यांना चहा द्या, माउस देऊ नका.

रीस्टार्ट आणि पडताळणी

३७. लाइटचा अंदाज घ्या. पावसाळ्यात लाइट लपंडाव खेळत असेल, किंवा देखभालीसाठी पुरवठा बंद राहणार असा महावितरणचा किंवा कळवा-मुंब्र्याकडे टोरंटचा मेसेज आलेला असेल, तर ती वेळ जाऊ द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसमार्फतच चालू आहे ना बघा. रीस्टार्टच्या मध्येच वीज जाणं आपल्याला नको.

३८. उघड्या खिडक्यांना ‘ओके’, ‘ओके’ करत बाहेर या. ‘लगेच रीस्टार्ट करायचं का’ असं विचारलं तर हो म्हणा.

३९. विचारलं नाही तर स्टार्ट मेनूतून ‘रीस्टार्ट’ निवडा. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केलं तर चालणार नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज शट डाउनमध्ये पूर्ण बंद होत नाही, आणि नवं सेटिंग लागू न होता राहू शकतं.

४०. पुन्हा टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. ‘कमिटेड’मधला दुसरा आकडा बघा. तो साधारण रॅम अधिक सुरुवातीचा आकार एवढा आला पाहिजे: उदाहरणात ८ अधिक ८, म्हणजे १६ च्या आसपास. पंधरा-साडेपंधरा दिसला तरी घाबरू नका, थोडी रॅम ग्राफिक्ससारख्या कामांसाठी राखून ठेवलेली असते. आकडा ८ च्या जवळपासच अडकला असेल तर ‘सेट’ दाबायचं राहिलं किंवा जीबीचे एमबी करायचे राहिले. चोविसाव्या पायरीवर परत जा.

४१. पुन्हा तीच गर्दीची वेळ येऊ द्या आणि तेच सगळं उघडून काम करा. पहिला आकडा दुसऱ्याच्या बराच खाली राहिला आणि निरोप आला नाही, तर आकडा बरोबर बसला. पुन्हा टेकायला लागला तर सुरुवातीचा आकडा २ जीबीने वाढवा, म्हणजे २०४८ ने. एकदम दुप्पट करू नका.

बिघडलं तर

चालू होताच विंडोजने ‘टेम्पररी पेजिंग फाइल’ तयार केल्याचा निरोप दाखवला, तर समजा की तुम्ही दिलेला ड्राइव्ह किंवा आकार त्याला जमला नाही. बहुधा ड्राइव्हवर तेवढी जागाच नसते. तिसाव्या पायरीवर जाऊन वरची टिक परत लावा, रीस्टार्ट करा, जागा मोकळी करा आणि मगच पुन्हा आकडा टाका. एकोणतिसाव्या पायरीतला फोटो आता कामाला येईल.

आणखी एक. सी ड्राइव्ह साफ करताना ‘पेजफाइल’ नावाची भलीमोठी फाइल दिसली तर पुसायला जाऊ नका. ती एरवी लपवलेलीच असते, पण कुणीतरी लपवलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू केलेलं असतं. जागा हवी असेल तर आकडा कमी करा, फाइलशी झटापट नको.

आणि रॅमचं काय?

सगळं नीट केलं, निरोप बंद झाले, तरी कॉम्प्युटर कुथतोय? ४ जीबी रॅमवर हे होणारच. पेजफाइलमुळे प्रोग्रॅम कोसळायचे थांबतात, पण डिस्क कधी रॅमइतकी वेगवान होत नाही. तुमचं गर्दीचं गणित रोजच रॅमच्या दुपटीवर जात असेल तर रॅम वाढवणं हाच उपाय.

आता चौथ्या पायरीतल्या त्या दोन ओळी काढा. ‘स्लॉट्स यूज्ड’ दोनपैकी एक असेल तर शेजारी आणखी एक कांडी बसू शकते. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असं असेल तर रॅम मदरबोर्डलाच चिकटवलेली आहे. अशा वेळी मोकळा स्लॉटही नसेल तर दुकानात जाण्यात अर्थ नाही.

रॅम घ्यायला निघाल तर जुन्या कांडीवरच्या लेबलचा स्पष्ट फोटो मोबाइलवर घेऊन निघा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपची छोटी आणि डेस्कटॉपची लांब कांडीही वेगळी. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा आणि घरी येऊन कळायचं की कांडी बसतच नाही, यापेक्षा फोटो बरा. ठाण्या-डोंबिवलीतल्या दुकानातून घेतलीत तर दोन पैसे जास्त जातील, पण बदलून घेणं सोपं पडेल. मी तेच करा म्हणेन.

रॅम वाढवलीत की आजचे आकडे बाद झाले. व्हर्च्युअल मेमरीच्या खिडकीत जाऊन वरची टिक परत लावा, गर्दीच्या वेळी पुन्हा मोजा आणि पंधराव्या पायरीपासून पुढे या. आणि हो, तुमचा कॉम्प्युटर सुरळीत झाला म्हणून ८१९२ आणि १६३८४ हे आकडे सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. शेजाऱ्यांना त्यांच्या गर्दीचा आकडा मोजायला सांगा.